विमान टेकता टेकता पुन्हा वर गेलं, ती कंट्रोलरची चूक होती का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गणपती झाल्यावर आईला घेऊन तुम्ही गोव्याच्या मोपाहून मुंबईला निघालात. सांताक्रूझला उतरताना खालच्या इमारतींच्या गच्च्या दिसायला लागल्या, चाकं आता टेकणार एवढ्यात इंजिनं जोरात वाजली आणि विमान पुन्हा वर गेलं. पंधरा मिनिटांनी कॅप्टनने सांगितलं की धावपट्टी मोकळी नव्हती. आई अजून म्हणते, "माका वाटला, आता काय आपला खरा नाय." तुम्ही विचारताय की ही एअर ट्रॅफिक कंट्रोलरची चूक होती का, आपण थोडक्यात वाचलो का, आणि बीएस्सी करणारा तुमचा मुलगा याच नोकरीचा फॉर्म भरायचं म्हणतोय, तर त्याला भरू द्यावा का.

मी ३१ वर्षं हेच काम केलं. धावपट्टी सांभाळणाऱ्या टॉवरमध्ये, विमानतळाजवळची विमानं रांगेत लावणाऱ्या ॲप्रोचवर आणि शेवटची बरीच वर्षं लांबच्या मार्गांवरची विमानं सांभाळणाऱ्या एरिया कंट्रोलच्या रडारवर. आता निवृत्त होऊन मालवणला असते. तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मागे मला एकच प्रश्न दिसतो: माणूस चुकणारच, मग माणसाच्या भरवशावर एवढी विमानं आकाशात सोडतात तरी कशी? त्याचं उत्तर दोन ओळींत देता येणार नाही.

आधी तुमच्या विमानाबद्दल. त्या दिवशी नेमकं काय झालं हे रेडिओवरच्या बोलण्याची टेप आणि रडारचं रेकॉर्डिंग पाहिल्याशिवाय मी ठामपणे सांगू शकत नाही. धावपट्टी मोकळी नव्हती असं कॅप्टन म्हणाला, म्हणजे बहुधा दोनांपैकी एक गोष्ट झाली असणार. पुढे उतरलेल्या विमानाला बाहेर पडायला उशीर झाला, किंवा उडणारं विमान वेळेत हललं नाही. पण थोडक्यात वाचलात का, याचं उत्तर मी निश्चित देते: नाही. याला गो-अराउंड म्हणतात. प्रत्येक विमान उतरायला येतं तेव्हा पुन्हा वर जायचा मार्ग आणि उंची आधीच ठरलेली असते, नकाशावर छापलेली असते, आणि पायलट प्रत्येक लँडिंगआधी ती एकमेकांना बोलून दाखवतात.

मुंबईत हे का होतं ते पाहा. तिथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे सर्वसाधारणपणे एका वेळी एकच वापरात असते. गर्दीच्या तासात तिच्यावर चाळीस-पंचेचाळीस विमानं चढतात-उतरतात, म्हणजे दर ८० ते ९० सेकंदांना एक. उतरणाऱ्या दोन विमानांमध्ये काही मैलांची फट ठेवायची आणि त्या फटीतून एक विमान उडवायचं, हे तिथल्या टॉवरचं दिवसभराचं काम. समजा तुमचं विमान चार सागरी मैलांवर आहे. धावपट्टीवर एक विमान उभं आहे, त्याला उडायची परवानगी दिली. तुम्ही सेकंदाला साधारण ७० मीटर वेगाने जवळ येताय, म्हणजे हातात पावणेदोन मिनिटं आहेत. उभं असलेलं विमान लगेच निघालं तर सगळं जुळतं. पण कधी पायलट "रोलिंग", म्हणजे निघालो, म्हणतो आणि काचेतून पाहावं तर ते जागेवरच दिसतं. तुम्ही तीन मैलांवर येता. ते आत्ता कुठे सरकायला लागतं. तुम्ही दोन मैलांवर येता, आता पन्नासएक सेकंद उरलेत. या वेळी कंट्रोलरच्या मनात दोन विचार येतात: "जमेल" आणि "नको". जो "नको" म्हणतो आणि तुम्हाला वर पाठवतो, त्याने हिशेबात थोडी चूक केली असेलही, पण ती त्यानेच सुधारली. आपल्या उदाहरणात तर दोन मैल अंतर शिल्लक असताना सुधारली.

आता याची दुसरी बाजूही सांगते. ८ जून २०२४ ला मुंबईतच एक विमान उडण्यासाठी धावत असताना त्याच धावपट्टीवर मागून दुसरं उतरलं. त्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिलाही असेल. कोणाला इजा झाली नाही, पण विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएने चौकशी सुरू केली आणि संबंधित कंट्रोलरला ड्यूटीवरून बाजूला केलं. त्या दिवशी वर जायला कोणी सांगितलं नाही. तुमच्या दिवशी सांगितलं गेलं. दोन्हींत निवड करायची झाली तर मी आईला घेऊन तुमच्याच विमानात बसेन.

आता मूळ प्रश्नाकडे येते. दोन विमानांमध्ये किती अंतर ठेवायचं याचे आकडे ठरलेले आहेत. उंचीचं अंतर एक हजार फूट. वरच्या थरात, २९,००० फुटांच्या वर, पूर्वी ते दोन हजार होतं. उंची मोजणारी यंत्रं अचूक झाल्यावर आपल्याकडे २००३ च्या नोव्हेंबरपासून तिथेही ४१,००० फुटांपर्यंत एक हजार झालं. रडारवर आडवं अंतर लांबच्या मार्गांवर पाच सागरी मैल, विमानतळाजवळ तीन. या दोहोंपैकी एक तरी कायम असलंच पाहिजे. अरबी समुद्रात रडार पोचत नाही तिथे हेच अंतर कितीतरी मोठं ठेवतात, पन्नास मैल किंवा दहा मिनिटं, कारण विमान कुठे आहे हे तिथे डोळ्यांनी दिसत नाही, त्याने कळवलेल्या जागेवरून मांडावं लागतं.

पाच मैल म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. कोणाला वाटेल, केवढी प्रचंड जागा! पण समोरासमोर येणारी दोन जेट विमानं दोघं मिळून सेकंदाला अर्धा किलोमीटर जागा खातात. सव्वानऊ किलोमीटर अठरा-एकोणीस सेकंदांत संपतात. त्यामुळे ही जागा चूक होऊ नये म्हणून ठेवलेली नाही. चूक झाल्यावर ती कोणाच्या तरी लक्षात यावी, त्याने बोलावं, पायलटने ऐकावं, आणि विमान वळावं, एवढ्याला लागणारा वेळ म्हणजे ती जागा. मला या सगळ्या उत्तरात सांगायचंय ते हेच आहे.

माझी स्वतःची चूक सांगते. कोणतं केंद्र, कोणतं वर्ष हे सांगत नाही. ऑगस्टची रात्र होती. केरळकडून मुंबईला येणारं एक विमान खाली उतरत होतं, आणि मुंबईहून दक्षिणेला निघालेलं एक वर चढत होतं. दोघांचे मार्ग मुरुडच्या आसपास एकमेकांना कापत होते. चढणाऱ्याला मी ११,००० फुटांवर थांबवलं होतं. उतरणाऱ्याला सांगितलं, १२,००० पर्यंत या. आमच्या भाषेत, शेवटची दोन शून्यं गाळून, "फ्लाइट लेव्हल वन टू झिरो". पायलटने परत म्हणून दाखवलं, मी स्ट्रिपवर, म्हणजे त्या विमानाच्या नोंदपट्टीवर, १२० लिहिलं, त्याला गोल केला आणि शेजारच्या सेक्टरचा, म्हणजे आकाशाचा शेजारचा भाग सांभाळणाऱ्यांचा, फोन उचलला.

माझ्या बाजूला बसलेला प्लॅनर, म्हणजे माझा जोडीदार कंट्रोलर, वयाने माझ्याहून लहान, नुकताच बदलून आलेला. तो एकदम म्हणाला, "मॅडम, हा कुठे चाललाय?" स्क्रीनवर विमानाच्या ठिपक्याशेजारी त्याची उंची दिसते. तिथे १२० ऐवजी ११८ दिसत होतं आणि आकडा खाली जात होता. मी फोन सोडला, दोन्ही विमानांना विरुद्ध दिशांना वळवलं, उतरणाऱ्याला थांबवलं. पाच मैल राहायला हवे होते तिथे साडेचार मैल राहिले, आणि एक हजार फुटांऐवजी आठशे. प्रवाशांना विमान थोडं कललं एवढंच जाणवलं असेल.

मी स्वतः रिपोर्ट लिहिला आणि मला लगेच बोर्डवरून, म्हणजे कामाच्या जागेवरून, उठवलं. नियमच तसा आहे, ती शिक्षा नव्हे. वरिष्ठ म्हणाले, आधी चहा घे, टेप मग ऐकू. मी त्यांना शपथेवर सांगत होते की पायलटने "वन टू झिरो" असंच म्हटलं. मग टेप लावली. त्यात तो स्वच्छ, सावकाश, "वन वन झिरो" म्हणतो. त्यानंतर दोन सेकंद शांतता आहे, ज्यात मी "निगेटिव्ह", म्हणजे चूक, म्हणायला हवं होतं. आणि मग माझ्याच आवाजात फोनवरचं "हां, बोला". ती शांतता मला आजही ऐकू येते.

मी झोपेत नव्हते, बेफिकीर नव्हते. जे ऐकायची अपेक्षा होती तेच मला ऐकू आलं. या धंद्यातल्या चुका बहुतेक अशाच असतात. ज्ञान कमी पडतं असं फार क्वचित होतं. माणूस विसरतो, गृहीत धरतो, किंवा अपेक्षित ते ऐकतो. १९९१ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसला एका कंट्रोलरने छोटं विमान धावपट्टीवर उभं करून ठेवलं, कामाच्या रेट्यात ते विसरलं गेलं, आणि त्याच धावपट्टीवर मोठ्या विमानाला उतरायची परवानगी दिली गेली. ३५ माणसं गेली. म्हणून धावपट्टीवर कोणी असेल तर स्ट्रिपबोर्डवर डोळ्यांसमोर ठळक खूण करून ठेवतात. आठवणीवर काही सोडायचं नाही.

परत म्हणून दाखवण्याची ही पद्धत, जिला आम्ही रीडबॅक म्हणतो, मला ट्रेनिंगमध्ये नवीन वाटली नव्हती. आमचे तात्या मचव्यावर तांडेल होते. मालवण बंदरात शिरताना किल्ल्याभोवती खडकच खडक. रात्री एकजण पुढे नाळीवर उभा राहून ओरडायचा, "डावीकडे धर!" आणि तात्या सुकाणूवरून तेच शब्द मोठ्याने परत म्हणायचे. परत आवाज आला नाही तर पुढचा माणूस पुन्हा ओरडायचा. लहानपणी मला वाटायचं, एकदा सांगितलं की पुरे की! पुढे टेप ऐकली त्या रात्री तात्यांची फार आठवण आली. परत म्हणणारा आपलं काम करतो, पण पुढच्याने ते कान देऊन ऐकायलाही हवं. पायलटने त्याचं काम केलं होतं. ऐकायचं काम माझं होतं.

त्या रात्री माझ्यामागे प्लॅनरचे डोळे होते. ते नसते तर स्क्रीनवर धोक्याची सूचना लागली असती. तीही चुकली असती तर विमानातली टीकॅस यंत्रणा, जी समोरच्या विमानाशी स्वतःच बोलते, तिने टक्कर व्हायच्या साधारण २५ सेकंद आधी एका पायलटला "चढ" आणि दुसऱ्याला "उतर" असं सांगितलं असतं.

ही यंत्रणा आपल्याकडे सक्तीची झाली ती चरखी दादरीनंतर. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीजवळ सौदी अरेबियाचं बोईंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन हवेत एकमेकांवर आदळली. ३४९ जण गेले, दोन्ही विमानांतलं एकही माणूस वाचलं नाही. कंट्रोलरने एकाला १४,००० आणि दुसऱ्याला १५,००० दिले होते, समोर विमान आहे हेही सांगितलं होतं. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या आयोगाला आढळलं की कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली आलं होतं. पण तेवढ्यावर थांबू नका. तेव्हा दिल्लीला येणारी आणि जाणारी विमानं एकाच मार्गिकेतून समोरासमोर चालायची, आणि कंट्रोलरच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती. माझ्या प्लॅनरला ११८ दिसलं. त्या कंट्रोलरला १४१ दिसायची सोयच नव्हती. पुढे येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारी रडारं आली.

१ जुलै २००२ ला जर्मनीच्या यूबरलिंगेनवर उलटं झालं. दोन्ही विमानांत टीकॅस होतं. पण खालच्या केंद्रात एकच कंट्रोलर दोन जागा सांभाळत होता, सहकारी विश्रांतीला गेला होता, फोन आणि धोक्याची सूचना देखभालीसाठी बंद होती. त्याला टक्कर उशिरा दिसली आणि त्याने एका विमानाला "उतर" सांगितलं, त्याच वेळी यंत्र त्याच विमानाला "चढ" सांगत होतं. पायलटने माणसाचं ऐकलं. दुसरं विमान यंत्राचं ऐकून उतरत होतंच. ७१ जण गेले, त्यात पुष्कळ शाळकरी मुलं होती. दीड-पावणेदोन वर्षांनी त्या अपघातात आपली दोन मुलं गमावलेल्या एका बापाने त्या कंट्रोलरला त्याच्या घरी जाऊन ठार मारलं. मी नवीन मुलांना शिकवायचे तेव्हा हा प्रसंग सांगताना प्रत्येक वेळी आवाज जड व्हायचा. त्या बापाचं दुःख मला कळतं. पण त्या रात्री एका माणसाच्या मागची सगळी दारं दुसऱ्यांनी उघडी टाकली होती, हेही खरं आहे. तेव्हापासून नियम पक्का झाला: टीकॅस बोललं की पायलटने त्याचंच ऐकायचं, कंट्रोलर काहीही म्हणो. आणि कंट्रोलरने त्या क्षणी गप्प राहायचं.

आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण बंगळुरूचं. ७ जानेवारी २०२२ च्या सकाळी दोन समांतर धावपट्ट्यांवरून दोन विमानं जवळजवळ एकाच वेळी उडाली आणि हवेत एकमेकांकडे वळायला लागली. एकच धावपट्टी वापरायची असा निर्णय झाला होता, पण तो दुसऱ्या टॉवर कंट्रोलरपर्यंत पोचलाच नाही. ॲप्रोच रडारवरच्या कंट्रोलरने ते पाहिलं आणि दोघांना वेगळं वळवलं. जी चूक टॉवरमधल्या दोन खुर्च्यांच्या मधे झाली, ती तिसऱ्या खुर्चीने पकडली.

आपल्या कोकणपट्टीवर चुका व्हायची वेळ कोणती, असं मला कोणी विचारलं तर मी भर पावसाळ्याचं नाव घेणार नाही. जुलैचा पाऊस सपाट, सगळीकडे सारखा असतो. मला धास्ती वाटायची ती मे महिन्याच्या दुपारची आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळची, सह्याद्रीच्या माथ्यावर वळवाचे ढग उभे राहतात तेव्हा. मुंबई-गोवा-केरळ ही सगळी वाहतूक किनाऱ्याच्या कडेने चालते. एक ढग उठला की पहिलं विमान म्हणतं, वीस मैल उजवीकडे जाऊ द्या. मागचं म्हणतं, पंधरा मैल डावीकडे. रेघेत चालणारी विमानं दहा मिनिटांत विखुरतात. ढगात शिर असं पायलटला सांगता येत नाही, म्हणून आडव्या अंतराचा भरवसा जातो आणि हातात उरते फक्त उंची. शिवाय दक्षिणेला दाभोळी, मोपा आणि चिपी असे तीन विमानतळ आता शेजारीशेजारी आहेत. दाभोळी ते मोपा सरळ रेषेत जेमतेम चाळीस किलोमीटर, मोपा ते चिपी साधारण पंचेचाळीस. त्यातलं दाभोळी नौदलाच्या ताब्यात. एवढ्याशा जागेत जितके विमानतळ वाढतात तितके "हे विमान आता तुझं की माझं" असे फोन वाढतात, आणि बंगळुरूला जे निसटलं ते नेमकं अशा बोलण्यातच निसटलं होतं.

म्हणून ड्यूटी बदलणं आम्ही फार गंभीरपणे घेतो. नवीन माणूस आधी मागे उभा राहून काही मिनिटं नुसतं पाहतो. मग यादी वाचून सगळं सांगायचं: कोण कुठे, कोणाला काय कबूल केलंय, कुठे हवामान खराब. उठलेल्यानेही लगेच निघून जायचं नाही. सलग दोन तासांवर रडारवर बसू नये, मधे अर्धा तास तरी उठावं, असं माझं मत अनुभवाने पक्कं झालं आहे. दीड तासानंतर माणूस स्क्रीनकडे पाहत असतो, पण दिसत कमी असतं.

एका गोष्टीचा मला अजून राग येतो. एका केंद्रावर असताना, माझ्या प्रसंगासारखीच चूक दुसऱ्या कोणाकडून झाली. अंतर थोडंच कमी झालं होतं. पायलटने तक्रार केली नाही, कंट्रोलरने लिहिलं नाही, सगळ्यांनी "जाऊ दे, बिचाऱ्याची बढती आहे" म्हणून सोडलं. दोन महिन्यांनी त्याच वळणावर, त्याच दोन सारख्या वाटणाऱ्या कॉलसाइनमुळे, म्हणजे विमानांच्या रेडिओवरच्या नावांमुळे, वेगळ्या माणसाकडून तेच झालं. पहिल्याने लिहिलं असतं तर त्यातला एक नंबर बदलून घेता आला असता. चूक करणाऱ्याला मी कधी रागावले नाही, पण चूक लपवणाऱ्याच्या शेजारी बसायला मला भीती वाटायची.

आता तुमच्या मुलाबद्दल. फॉर्म भरू द्या. फिजिक्स आणि गणित घेऊन बीएस्सी झालेल्याला किंवा इंजिनिअरला या नोकरीची, म्हणजे ज्युनिअर एक्झिक्युटिव्हची, परीक्षा देता येते, वयाची अट खुल्या गटाला २७ आहे. लेखी परीक्षेनंतर आवाजाची चाचणी, मानसिक चाचणी, वैद्यकीय तपासणी असते. ट्रेनिंग प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियाला होतं, आणि त्यानंतरही प्रत्येक नव्या जागी महिनोन् महिने कोणाच्या तरी देखरेखीखाली बसल्याशिवाय एकट्याच्या हाती माइक देत नाहीत. हुशारी लागते, पण मी स्वतः शिकवलेल्यांत जे उत्तम निघाले ते सगळ्यात हुशार होते असं नाही. "सर, मला नीट ऐकू आलं नाही, परत सांगा" हे ज्यांना सगळ्यांसमोर म्हणता यायचं, ते उत्तम निघाले. तुमचा मुलगा असा आहे का, हे तुम्हालाच ठाऊक.

आणि आईला एक सांगा. वर गेल्यावर पंधरा मिनिटं कॅप्टन काहीच बोलला नाही म्हणून त्या जास्त घाबरल्या असतील. त्या वेळात तो आणि त्याचा साथीदार विमान वर चढवत होते, चाकं आत घेत होते, नवी दिशा आणि उंची ऐकून परत म्हणून दाखवत होते, ॲप्रोचकडे जाऊन पुन्हा रांगेत नंबर लावत होते, इंधनाचा हिशेब करत होते. प्रवाशांशी बोलणं त्यांच्या यादीत सगळ्यात शेवटी येतं, आणि ते तिथेच असायला हवं. तो माइकवर आला तेव्हा बाकीची सगळी कामं झालेली होती.